महाराष्ट्रात क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर: कुठे शोधायचे, केव्हा विचारायचे, कशावर सही करायची

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यात राहणाऱ्या पन्नाशीच्या एका बाईंना स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली, पण आजार यकृतात उलटला. स्थानिक डॉक्टरांनी दुसरी केमो सुचवली आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी एखादी ट्रायल (औषध किंवा उपचार माणसांवर तपासून पाहणारी चाचणी) चालू आहे का, असेल तर तिथे पोचायचे कसे, औषध फुकट मिळते का, आणि हे प्रयोगाचा उंदीर होणे तर नव्हे ना, असे कुटुंबाने विचारले आहे.

सगळ्यात आधी तातडीचे सांगतो. शोधायचे असेल तर दुसरी केमो सुरू होण्याआधी शोधा. बहुतेक कुटुंबे सगळे उपाय थकल्यावर ट्रायलकडे वळतात आणि तेव्हा दार बंद झालेले असते. ट्रायलच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे तिच्या लेखी आराखड्यात, याआधी किती वेळा, कोणती औषधे घेतलेली चालतील हे मोजून लिहिलेले असते. एक केमो झालेली चालते आणि तीन झालेल्या चालत नाहीत, असे सर्रास असते. चालू केमोचा एक डोस जरी गेला असला तरी पुढे दोन ते चार आठवडे औषधाविना थांबावे लागते आणि वाढत्या आजारात तेवढी सवड नसते. शिवाय पेशंट उठून-बसून स्वतःची कामे करत असावा लागतो. कर्करोगाच्या बहुतेक ट्रायलमध्ये ईसीओजी नावाच्या मोजपट्टीवर 0 किंवा 1 गुण लागतो. जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जाऊ लागला की तो 3 होतो आणि विषय संपतो. म्हणून उपचाराचा पुढचा टप्पा ठरतो त्याच भेटीत डॉक्टरांना थेट विचारा: "या टप्प्यावर आम्ही ट्रायलमध्ये बसतो का?" डॉक्टरांना राग येईल अशी भीती नको. तुमचे डॉक्टर एखाद्या ट्रायलचे इन्व्हेस्टिगेटर (ट्रायलची जबाबदारी असलेले डॉक्टर) नसतील तर त्यांना शेजारच्या शहरातल्या ट्रायलची खबर नसणे अगदी स्वाभाविक आहे.

आता शोधायचे कुठे. भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, सीटीआरआय. ती आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चालवते. 2007 मध्ये ती सुरू झाली, 15 जून 2009 पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद झाली पाहिजे असा नियम आहे. संकेतस्थळ सर्वांना खुले आहे, पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. अडचण एवढीच की सगळे इंग्रजीत आहे आणि शोधयंत्रणा तुमच्या स्पेलिंगला चिकटून बसते. कॅन्सर शब्दाने काही सापडले नाही तर कार्सिनोमा टाका. ल्युकेमिया, हिमोफिलिया, ॲनिमिया यांची ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन स्पेलिंगे असतात, दोन्ही टाकून पाहा. बायोप्सी रिपोर्टवर जो नेमका प्रकार लिहिला आहे (उदाहरणार्थ ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह) तोही शब्द वापरा.

नोंद उघडली की वरचे लांबलचक शीर्षक वाचत बसू नका. आधी भरतीची स्थिती पाहा. 'ओपन टू रिक्रूटमेंट' असेल तरच पुढे जा. मग ट्रायलचा प्रकार. सीटीआरआयमध्ये निम्मे लोक इथेच चकतात, कारण तिथे नव्या औषधांच्या ट्रायलबरोबर एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, आयुर्वेद आणि होमिओपॅथी महाविद्यालयांतले अभ्यास, नुसती निरीक्षणे, निरोगी माणसांवरचे बायोइक्विव्हॅलन्स अभ्यास (दोन कंपन्यांचे तेच औषध शरीरात सारखेच उतरते का ते पाहणारे) हे सगळे एकाच रांगेत असतात. 'पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस' या रकान्यात 'येस' असेल तर तिथून नवा उपचार मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. त्यानंतर 'साइट्स ऑफ स्टडी' हा तक्ता. त्यात रुग्णालय, इन्व्हेस्टिगेटर, जिल्हा आणि राज्य लिहिलेले असते, महाराष्ट्र शोधायचे ते इथे.

एक हिशेब मात्र जरूर करा. भारतातून किती पेशंट घ्यायचे तो आकडा आणि साइट्सची संख्या पाहून भागाकार करा. भारताचा कोटा 36 आणि साइट्स 12 असतील तर एका रुग्णालयाच्या वाट्याला सरासरी तीन जागा आल्या. जागतिक ट्रायलमध्ये तर जागा आधी येईल त्याला असतात. दुसऱ्या देशांत भरती भराभर झाली की भारतातली दारे एका ईमेलवर बंद होतात आणि सीटीआरआयवर पुढे कित्येक महिने 'ओपन' असेच झळकत राहते. त्यामुळे नोंद कधी बदलली ती तारीख पाहा आणि प्रवासाला निघण्याआधी फोन करा. नोंदीत सार्वजनिक चौकशीसाठी एका व्यक्तीचे नाव आणि क्रमांक असतो, पण तो बहुधा कंपनीच्या मुख्य कार्यालयातला निघतो. त्यापेक्षा साइटच्या रुग्णालयात फोन लावून 'क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर' मागा. ट्रायल प्रत्यक्षात चालवतो तो हाच माणूस, आणि जागा आहे की नाही हे त्याला त्या घटकेला माहीत असते. जोडीला अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवहीही पाहा. तिथे देश आणि शहर टाकून गाळणी लावता येते.

महाराष्ट्रात काय कुठे मिळते, याचा अंदाज ठेवला तर शोध लवकर आटपतो. कर्करोगासाठी परळचे टाटा मेमोरियल आणि खारघरचे ॲक्ट्रेक ही दोन नावे पहिली, एकाच संस्थेची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार19 या पहिल्या देशी कार-टी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडणाऱ्या) उपचाराच्या चाचण्या याच संस्थेत झाल्या. माणसावर पहिल्यांदाच औषध देण्याच्या पहिल्या टप्प्यासाठी आयसीएमआरने देशात चार केंद्रांचे जाळे उभारले, त्यातली दोन आपल्याकडे आहेत: मुंबईचे केईएम आणि ॲक्ट्रेक. दुर्मीळ आजारांसाठीही केईएमकडेच पाहावे लागते, कारण केंद्राच्या धोरणातले मुंबईतले उत्कृष्टता केंद्र तेच आहे. एचआयव्ही आणि क्षयरोगाचे काम पुण्यात, आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था आणि बी. जे. मेडिकल कॉलेज यांच्याभोवती. लसींसाठी शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात पुण्याच्या केईएमचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. देशी रोटाव्हायरस लशीच्या तिसऱ्या टप्प्यात 6,799 बाळे होती, त्यातली काही इथली. गर्भवती आणि नवजात बाळांच्या ट्रायल नागपूरकडे येतात. मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी कमी मात्रेच्या ॲस्पिरिनची सहा देशांतल्या 11,976 गर्भवतींवर चाचणी झाली, तिच्या भारतातल्या दोन जागा म्हणजे नागपूर आणि बेळगाव. मधुमेह, हृदयविकार, दमा, सोरायसिस यांच्या ट्रायल मोठ्या सरकारी रुग्णालयांइतक्याच मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयांत चालतात. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे चौकशी करायला हरकत नाही.

राज्याची हद्द ही शोधायची सोय आहे, ट्रायलची अट नाही. रहिवासी दाखला कोणी मागत नाही. सावंतवाडीच्या माणसाला मुंबईपेक्षा गोव्याचे बांबोळी जवळ, कोल्हापूरकराला बेळगाव जवळ, नंदुरबारकराला सुरत. अंतराचा विचार मात्र गंभीरपणे करा. पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याला एक भेट हे नेहमीचे वेळापत्रक आहे, ठरलेल्या दिवसाच्या दोन-तीन दिवस मागेपुढेच जाता येते, आणि रात्री-अपरात्री ताप आला तर साइटला कळवावे लागते. लातूरहून खारघर हे दर आठवड्याला कोण नेणार, हे ठरवल्याशिवाय नाव देऊ नका. अर्ध्यावर सुटणाऱ्यांत औषध सोसले नाही म्हणून सुटणारे असतात तसे प्रवासाला कंटाळून सुटणारेही पुष्कळ असतात.

फोनवर होकार आला की फाईल तयार ठेवा. बायोप्सी आणि आयएचसीचे (कर्करोगाचा प्रकार ठरवणाऱ्या तपासणीचे) रिपोर्ट, आणि त्या बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे. ब्लॉक ज्या लॅबने बायोप्सी तपासली तिच्याकडे पडून असतात, अर्ज केल्यावर मिळतात, पण आठवडा जातो, म्हणून तो अर्ज आधीच टाका. स्कॅनची फिल्म नको, सीडी न्या, कारण गाठ नव्याने मोजायची असते. केमोची डिस्चार्ज कार्डे तारीखवार लावा आणि पहिला आणि शेवटचा डोस केव्हा झाला ते एका कागदावर लिहा. सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी करा, त्यात काढे, भस्मे, प्रोटीन पावडर, कुणी नातेवाइकाने आणून दिलेली पुडी हेही आले. हे लपवले जाते आणि मग यकृताच्या तपासण्या वाढलेल्या येतात, कारण कळत नाही, पेशंट बाद होतो. पॅन, आधार आणि पासबुकाची झेरॉक्सही लागते, प्रवासखर्च खात्यात जमा होतो म्हणून.

पहिल्या भेटीत औषध मिळत नाही. आधी संमती, मग स्क्रीनिंग म्हणजे पात्रतेच्या तपासण्या, आणि संमतीपासून पहिल्या डोसपर्यंत साधारण 28 दिवसांची मुदत असते. स्क्रीनिंगमध्ये बाद होण्याची कारणे ठरलेली आहेत: हिमोग्लोबिन 9 च्या खाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किंवा बिलिरुबिन (यकृताची) मर्यादेबाहेर, हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये मेंदूत डाग, किंवा मोजता येईल एवढी गाठच नाही. यातले हिमोग्लोबिन आधी सुधारता येते, तेवढे घरूनच करून जा. बाद झालात तर कोणता आकडा आडवा आला ते विचारून घ्या. काही प्रोटोकॉल एकदा पुन्हा स्क्रीनिंग करू देतात.

आता सहीचा कागद. 2019 च्या नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार माहितीपत्रक आणि संमतिपत्र पेशंटला समजणाऱ्या भाषेत लागते. मराठी प्रत मागा, ती असतेच. भाषांतर बोजड असते, पंधरा-वीस पाने असतात, म्हणून घरी नेऊन वाचायला दोन दिवस मागा. "आत्ताच सही करा, नाहीतर जागा जाईल" असे कोणी म्हणाले तर त्या साइटवर पुढेही घाईच होईल, हे गृहीत धरा. पेशंटला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. सही झाल्यावर एक प्रत तुमची, तुमच्या फाईलमध्ये. त्यात वार्षिक उत्पन्न, व्यवसाय आणि वारसाचे नाव विचारलेले दिसेल. लोक तिथे बिचकतात. तो रकाना भरपाईसाठी आहे, रिकामा सोडू नका.

पाने उलटताना पाच ठिकाणी थांबा. औषध मिळणार की तुलनेचा गट येण्याची शक्यता आहे, आणि ती किती. तुलनेच्या गटात नेहमीचा प्रमाण उपचार आहे की प्लॅसिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले. कर्करोगात प्रमाण उपचार उपलब्ध असताना नुसते प्लॅसिबो देणे मान्य होत नाही, पण प्रमाण उपचार अधिक प्लॅसिबो असे असते. कोणत्या गटात जाल हे संगणक ठरवतो, डॉक्टर नाही, तेव्हा ओळख लावून उपयोग नाही. पुढे, किती बायोप्सी आणि किती स्कॅन जास्तीचे आहेत. कोणते खर्च स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) देतो. आणि ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का. हे शेवटचे बहुतेक जण विचारतच नाहीत. नियमात तरतूद आहे की दुसरा उपाय नसेल, औषधाचा फायदा दिसत असेल, इन्व्हेस्टिगेटरने शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने (पेशंटचे हित पाहून ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीने) मान्य केले तर ते पुढेही विनामूल्य देता येते, पण ते आपोआप होत नाही.

पैशांबाबत: औषध कंपनीच्या ट्रायलमध्ये अभ्यासाचे औषध, ट्रायलसाठीच्या तपासण्या आणि प्रवासखर्च स्पॉन्सरचा. पण एकाच नावाखाली दोन जातींच्या ट्रायल चालतात. दुसरी जात म्हणजे संस्थेच्या डॉक्टरांनी स्वतः आखलेली शैक्षणिक ट्रायल. तिच्यात बहुधा बाजारातलेच औषध नव्या मात्रेत किंवा नव्या वेळी देतात. टाटा मेमोरियलच्या दोन घ्या. डोके-मानेच्या कर्करोगात निवोल्युमॅब हे महागडे इम्युनोथेरपीचे औषध फक्त 20 मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, कमी मात्रेच्या गोळ्यांबरोबर दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. आणि स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे साधे भुलीचे औषध टोचून 1,600 महिलांवर चाचणी झाली, तेव्हा पाच वर्षे आजारमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्के झाले. 'नवे औषध नाही, मग कसली ट्रायल' म्हणून या नाकारू नका. मात्र शैक्षणिक ट्रायलमध्ये नेहमीच्या उपचाराचा खर्च पेशंटवर किंवा महात्मा फुले योजनेवर पडू शकतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारापलीकडचा, संशोधनामुळे वाढलेला खर्च मात्र पेशंटकडून घेता येत नाही. खासगी विम्यावर भिस्त ठेवू नका, सिद्ध न झालेले उपचार पॉलिसीतून वगळलेले असतात.

फसवणूक इथेच ओळखता येते. अभ्यासाच्या उपचारासाठी पैसे मागितले की ती ट्रायल नाही, दुकान आहे. स्टेम सेलच्या नावाने हे सर्वांत जास्त चालते: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची दुखापत, गुडघे, मधुमेह, सगळ्यांवर एकच इंजेक्शन आणि लाखांत बिल. रक्ताच्या ठरावीक आजारांतले स्टेम सेल प्रत्यारोपण सोडले तर बाकी वापर 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त मान्यताप्राप्त ट्रायलमध्ये, आणि तोही पेशंटकडून पैसे न घेता. "आमचे रजिस्ट्रेशन आहे" असे कोणी म्हणाले तर सीटीआरआय क्रमांक मागा, तो नोंदवहीत टाका आणि त्या क्लिनिकचे नाव साइट्सच्या तक्त्यात आहे का, औषध नियंत्रकांची परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लिहिली आहे का ते पाहा. नुसता क्रमांक असणे म्हणजे सरकारची मान्यता नव्हे. ती नोंद आहे, परवाना नाही.

इजा झाली तर काय, याचे उत्तर नियमांत आकड्यांसह आहे. ट्रायलमध्ये कोणतीही इजा झाली तर ती ट्रायलशी संबंधित नाही असे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यातले जे आधी होईल तोवर, उपचार मोफत. गंभीर घटना इन्व्हेस्टिगेटरने 24 तासांत औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायची. मृत्यू ट्रायलमुळे ठरला तर भरपाईचे सूत्र असे: 8 लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले 99.37. वय कमी तसा वयाचा गुणक जास्त. 50 व्या वर्षी तो 153.09 आहे, 65 आणि पुढे 99.37. जोखमीचा गुणक सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असणाऱ्याला 0.5, सहा ते चोवीस महिने अपेक्षित असतील तर 1, आणि निरोगी स्वयंसेवकाला 4. म्हणजे प्रश्नातल्या बाईंना गुणक 1 धरला तर रक्कम सुमारे 12 लाख 32 हजार येते. तीस वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकासाठी हीच रक्कम जवळपास 67 लाख होते. आजार स्वतःहून वाढला तर भरपाई नाही, आणि वाद बहुतेक वेळा याच मुद्द्यावर होतो. म्हणून ताप, उलट्या, अंगावर पुरळ, जे होईल ते त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला कळवा आणि मेसेज जपून ठेवा. गावातल्या दवाखान्यात भरती व्हावे लागले तर ट्रायलचे ओळखपत्र तिथल्या डॉक्टरांना दाखवा, म्हणजे चालणार नाही असे औषध नकळत दिले जाणार नाही.

उंदीर होण्याच्या भीतीबद्दल: ती अगदी पोकळ नाही. 2013 नंतरचे कडक नियम, संमतीचे चित्रीकरण, भरपाई, हे सगळे आधी गैरप्रकार झाले म्हणूनच आले. चित्रीकरण आज सरसकट नाही. अगदी नव्या रेणूच्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या पेशंटसाठी ते सक्तीचे आहे. पण नियम कडक असले तरी एक गैरसमज उरतोच, आणि तो चांगल्या साइटवरही असतो: डॉक्टर मला सर्वांत योग्य ते देतील. ट्रायलमध्ये डॉक्टर प्रोटोकॉलने बांधलेले असतात. मात्रा तुमच्या सोयीने बदलत नाही. पहिल्या टप्प्यात तर उद्देशच सुरक्षित मात्रा शोधण्याचा असतो, फायदा झाला तर झाला. तिसऱ्या टप्प्यात मात्र औषध बरेच तपासून आलेले असते. पहिल्यात जाताना हे डोक्यात स्पष्ट असेल तर जावे. केवळ कंटाळून किंवा मुलांच्या आग्रहाखातर जाऊ नये. कारण न देता कधीही बाहेर पडता येते आणि त्याने त्या रुग्णालयातले तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त गोळ्या अचानक बंद करून गायब होऊ नका. सांगून बाहेर पडा, शेवटची तपासणी करून घ्या, कारण काही औषधे एकदम थांबवणे धोक्याचे असते.

पैशांसाठी निरोगी स्वयंसेवक व्हायचे असेल तर वेगळे पथ्य. बायोइक्विव्हॅलन्स अभ्यासांत एकाच महिन्यात दोन केंद्रांत नाव देणारे तरुण असतात. दोन औषधे अंगात एकत्र येतात, रक्तही दुप्पट जाते. दोन अभ्यासांत साधारण तीन महिने हवेत, आणि मागचा अभ्यास लपवला तर इजा झाल्यावर भरपाईचा दावा तिथेच लंगडा पडतो.

तक्रार असेल तर क्रम असा: आधी इन्व्हेस्टिगेटर, मग एथिक्स कमिटीचे सदस्य सचिव, मग केंद्रीय औषध नियंत्रण संघटना, तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईतच आहे. एथिक्स कमिटी म्हणजे केवळ डॉक्टरांचे मंडळ नव्हे. नियमांनुसार तिच्यात किमान सात जण हवेत, निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक धरून, आणि ती साइटच्याच शहरात किंवा 50 किलोमीटरच्या आत असावी लागते. तिच्याशी संपर्क कसा करायचा ते संमतिपत्रात छापलेले असते. सही करायच्या दिवशीच तो क्रमांक मोबाइलमध्ये घ्या आणि एकदा लावून पाहा. लागला नाही तर कोऑर्डिनेटरकडून चालू क्रमांक संमतिपत्रावर लिहून घ्या, सही त्यानंतर.